वहिनीची कात्री आणि कलम नऊ

माझी वहिनी लहान मुलांचे केस कापते. हे ऐकून लोक म्हणतात, त्यात काय मोठंसं. असं म्हणणाऱ्यांनी एकदा तीन वर्षांच्या रडक्या पोराच्या कानापाशी कात्री चालवून दाखवावी, मग बोलू. तिचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे आणि आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली आहेत. उरलेल्या निम्म्यांचे केस त्यांच्या आयांनी घरीच बिघडवलेले असतात, असं तिचं म्हणणं.

तिची एक रीत आहे. रडणाऱ्या पोराला ती कधीही 'ये, बस' म्हणत नाही. त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याच्यासमोर दुसऱ्याच कुणाचे तरी केस कापत राहते, कुणी नसलं तर स्वतःची पुढची बट कापते. मग केव्हातरी ते पोर आपणहून खुर्चीवर चढतं. उचलून बसवलेल्या पोराला ती कात्री लावत नाही, मग आई कितीही घाईत असो. यात कधीकधी दीड-दोन तास जातात. दादा म्हणतो, हिच्याकडे दोन खुर्च्या आहेत त्या यासाठीच. एक कापून घेणाऱ्याला आणि एक विचार करणाऱ्याला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फ्रिज दुरुस्त करतो आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो, त्याच्या वाट्याचं वहिनी बोलते. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांना दोन मुलं. थोरला सहा वर्षांचा, त्याला आम्ही वकील म्हणतो, कारण त्याच्या प्रश्नांपुढे भलेभले गप्प बसतात. धाकटी तीन वर्षांची, तिचं नाव काहीही असलं तरी ती ठकीच. वकिलानंतर दुसरं मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा यांनी दत्तक घेण्यासाठी अर्ज केला. रांग लांब होती. मधल्या काळात डॉक्टरांना खोटं पाडून ठकी आली. आणि ठकी बोलायला लागली तेव्हा पत्र आलं, की परदेशात एका संस्थेत साडेचार वर्षांची मुलगी आहे, घेता का?

आता तुमची दोन झाली, कशाला नसती उठाठेव, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं. वहिनी म्हणाली, "अगं, पत्रात तिचं वय लिहिलंय, वजन लिहिलंय, आवडता रंगसुद्धा लिहिलाय. एवढं वाचल्यावर मी नाही कसं म्हणू?" दादानं त्या दिवसातलं एक वाक्य खर्च केलं. "जाऊ या," म्हणाला.

तिथला नियम असा, की आईवडिलांनी तिथं जाऊन राहायचं, रोज दोन तास मुलीला भेटायचं, संस्था त्यावर अहवाल लिहिणार आणि बाराव्या दिवशी कोर्टात सुनावणी. दोन्ही मुलांना मागं ठेवायची सोय नव्हती. म्हणून त्यांना सांभाळायला आत्या, म्हणजे मी. मी पोस्टात खिडकीवर बसते. फॉर्म नीट वाचा, सही कुठं करायची ते वाचा, असं दिवसभर लोकांवर खेकसणं हा माझा धंदा. मी बरोबर असले की कागदपत्रांची काळजी नाही, असं घरात सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

विमानात ठकीचे कान दुखले आणि ते तिनं सगळ्या विमानाला कळवलं. वकिलानं तीन देशांच्या आकाशातून एकच प्रश्न विचारला, "त्या ताईला आपण नंतर परत द्यायचं असतं का?" वहिनी म्हणाली, नाही. तो म्हणाला, "आणि मला?" वहिनी म्हणाली, तुलाही नाही. त्यानं थोडा विचार केला आणि ठकीबद्दल काय ठरलंय ते विचारलं.

आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. कपडे धुण्याचं यंत्र स्वयंपाकघरात होतं आणि पिळायला लागलं की चालत दारापर्यंत यायचं. पहिल्याच दिवशी ठकीला ताप आला. परक्या गावात, परक्या भाषेत, तापाचं औषध मागताना दादानं कपाळाला हात लावून आणि डोळे मिटून जो अभिनय केला, तो बघून दुकानदारानं त्यालाच खुर्ची दिली. असे आमचे सुरुवातीचे दिवस.

संस्थेत गेलो तेव्हा आधी एका टेबलाशी बसवून नियमांचा कागद दिला. बारा कलमं. आमच्याबरोबर एक दुभाषी बाई होत्या, मूळच्या आपल्याकडच्या, लग्न होऊन तिथं गेलेल्या. त्या एकेक कलम वाचून सांगू लागल्या. नेमकी तेव्हाच ठकीला घाई लागली आणि वहिनी तिला घेऊन गेली. मी म्हटलं, तुम्ही वाचा, मी तिला सांगते नंतर. बाहेरचं खाणं द्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असं करत करत कलम नऊ आलं. कोर्टाचा आदेश होईपर्यंत मुलीच्या शरीराबाबत काहीही परस्पर करायचं नाही. औषध नाही, नखं नाहीत, केस नाहीत, कान टोचणं नाही. मी मान डोलावली. दादानं सही केली. वहिनी आली तेव्हा मी तिला म्हटलं, "खाऊ द्यायचा नाही, फोटो नाही, औषधबिवषध नाही. बाकी नेहमीचंच आहे."

बाकी नेहमीचंच आहे. पोस्टात कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं असतं.

भेटीची खोली साधी होती. एक सतरंजी, एक बुटकं टेबल, एक स्टूल, एक खिडकी. मुलीला घेऊन तिची सांभाळणारी बाई आली. पन्नाशीची, रुंद मनगटांची, हसू न येणारी. आम्ही व्हरांड्यातून येताना पाहिलेल्या सगळ्या मुलामुलींचे केस अगदी बारीक कापलेले होते. हिचे मात्र कमरेपर्यंत, दोन वेण्या घातलेले. मुलगी आत आली आणि सरळ खिडकीखालच्या भिंतीशी जाऊन पाठ टेकून बसली. तिथून ती आम्हा सगळ्यांना बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. वकिलानं तिला सात प्रश्न विचारले, भाषा कळत नसल्याचा फायदा घेऊन तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही.

दादा धीर सोडायला लागला होता. वहिनी नाही. ती ठकीशी खेळत बसायची, मुलीकडे पाठ करून. "चढेल आपणहून," म्हणायची. पण घरी आल्यावर मला म्हणाली, "केस बघितलेस तिचे? जन्मात कात्री लागलेली नाही. टोकं फाटलीत सगळी. बाकीच्यांचे निदान कापतात तरी, हिच्याकडे कुणाचं लक्षच नाही गं." माणूस ज्या धंद्यात असतो त्या धंद्याच्या खिडकीतूनच जग बघतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी नुसतं हं म्हटलं.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी सांभाळणारी बाई आली नाही. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. दुसरीच कुणीतरी मुलीला दारात सोडून गेली. वेण्या सुटलेल्या, केसांचा गुंता झालेला, मागं तर चिकट गोळाच. वहिनीचे हात शिवशिवत होते ते मला दिसत होतं, पण ती जागची हलली नाही.

सहाव्या दिवशीही मुलगी तशीच आली. त्या दिवशी ठकीच्या डोळ्यांवर केस यायला लागले म्हणून वहिनीनं तिला स्टुलावर बसवलं आणि पर्समधून कात्री काढली. विमानात ती मोठ्या बॅगेत टाकली होती, इथं आल्याबरोबर परत पर्समध्ये गेली होती. दादा वकिलाला घेऊन पाणी प्यायला बाहेर गेलेला. ठकीचं दोन मिनिटांत झालं. ती उतरली. आणि खिडकीखालची ती मुलगी उठली, खोली ओलांडून आली आणि वहिनीकडे पाठ करून स्टुलावर बसली.

सहा दिवसांत तिनं आमच्याकडे पाठ केली नव्हती. भिंतीवाचून बसली नव्हती. मी वहिनीचा चेहरा बघत होते. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिनं कंगवा घेतला. गुंता सुटेना. मग कात्री चालायला लागली. तेव्हा मला कलम नऊ आठवलं, शब्दन् शब्द आठवलं, आणि मी मूग गिळून बसले. आत्ता थांब म्हटलं तर ती मुलगी परत भिंतीशी जाईल, असं मला वाटलं. पाय हलवत बसली होती हो ती. कान मोकळे झाले, मान मोकळी झाली. फार सुरेख कापले होते वहिनीनं, ते मात्र सांगायलाच हवं.

मुलीनं हातानं मान चाचपली आणि पहिल्यांदा हसली. आम्ही मागं वळलो तर दारात सांभाळणारी बाई उभी होती. ती केव्हा आली होती कोण जाणे. ती पुढं झाली. गुडघ्यांवर बसली आणि सतरंजीवरचे केस गोळा करू लागली. एकूण एक. वहिनी मदतीला वाकली तर तिनं वहिनीचा हात बाजूला केला.

अर्ध्या तासात आम्ही संचालिकेसमोर होतो. दुभाषी बाईंचा आवाज खाली खाली जात होता. पासपोर्टसाठी वेण्यांचा फोटो गेलेला आहे, तो आता बदलावा लागेल. पण ती लहान गोष्ट. कलम नऊ मोडलं हे अहवालात लिहावंच लागेल. सुनावणीपर्यंत भेटी बंद. कोर्ट काय ठरवेल ते ठरवेल, अशाच एका कारणानं पूर्वी एका जोडप्याला रिकाम्या हातानं परत जावं लागलं आहे. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तिला नियम सांगितलाच नाही. वहिनी म्हणाली, "हिचं ऐकू नका. कात्री माझ्या हातात होती."

जिन्यात दुभाषी बाईंनी बाकीचं सांगितलं. "इथं सगळ्यांचेच केस बारीक ठेवतात, उवांसाठी. एवढ्या मुलांच्या वेण्या कोण घालणार? हिचे त्या बाईंनी हट्टानं वाढवलेत. कामाच्या वेळेआधी तासभर येतात आणि विंचरतात. चार वर्षं झाली. पगारात नाही ते."

वहिनी जिन्यातच बसली. "आणि मी म्हटलं, हिच्याकडे कुणाचं लक्ष नाही," एवढंच म्हणाली.

पुढचे सहा दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. वहिनी गप्प झाली. घरात बोलायचं काम अचानक दादावर पडलं आणि त्याला ते जमेना. ती कपडे धुवायची, यंत्र चालायला लागलं की त्याला धरून उभी राहायची. तिला त्या बाईची माफी मागायची होती. दुभाषी बाई म्हणाल्या, असं चुकूनही करू नका, त्या साक्षीला येणार आहेत, दबाव आणला असं होईल. म्हणजे माफीचीही सोय नाही. वकिलानं जेवताना विचारलं, "ताई येणार नाही का?" दादानं त्याचा पेला भरला, आणि त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

मी वहिनीला म्हटलं, "सगळं माझ्यामुळं झालं. दोनदा. एकदा सांगितलं नाही आणि एकदा थांबवलं नाही."

ती म्हणाली, "थांबवलं असतंस तर मी ऐकलं असतं असं वाटतं तुला?" आणि माझ्या ताटात वाढलं.

कोर्ट म्हणजे एका कचेरीतली खोली निघाली. न्यायाधीश बाईंना सर्दी झालेली, समोर गरम पाण्याचा पेला. मुलांना ठेवणार कुठं, म्हणून तीही आत. ठकी माझ्या खांद्यावर झोपलेली. संचालिकेनं अहवाल वाचला. न्यायाधीशांनी वहिनीला विचारलं, असं का केलंत?

मला वाटलं आता ती बोलेल, गुंता होता, नियम माहीत नव्हता, मुलगी आपणहून बसली. सगळं खरंच होतं. वहिनी म्हणाली, "माझ्या दुकानात मी आधी आईला विचारते, किती कापू. इथं तिची आई कोण आहे ते मी पाहिलंच नाही. विचारायला हवं होतं." आणि ती सांभाळणाऱ्या बाईकडे बघत राहिली. दुभाषी बाईंना ते सांगताना दोनदा थांबावं लागलं.

मग त्या बाईला उभं केलं. ती न्यायाधीशांकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. "मला राग आहे. अजून आहे. ते लिहून घ्या. रांगेत शेवटी उभी असली तरी हिला कुणीतरी आहे हे लांबून दिसावं, म्हणून मी ते केस राखले. पण आता दुसरंही लिहून घ्या. चार वर्षांत ही पोरगी कुणाकडे पाठ करून बसलेली नाही. माझ्याकडेसुद्धा नाही. वेणी घालताना तिला गुडघ्यांत धरून ठेवावं लागतं, आणि समोर आरसा ठेवावा लागतो, मी तिला दिसावी म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यापासून दारात होते. कात्री चालली होती आणि ती पाय हलवत होती. मला ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, का नाही ओरडलात?

"घाबरली असती," ती म्हणाली आणि खाली बसली.

न्यायाधीशांनी गरम पाणी संपवलं, बराच वेळ लिहिलं आणि मुलगी दिली. कलम नऊबद्दल वहिनीला लेखी समज दिली, ती तिनं घरी नीट ठेवली आहे. दादा बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर रडत बसला. मी त्याला रडू दिलं, कारण मीही रडत होते.

नव्या फोटोचा पासपोर्ट यायला पाच दिवस लागणार होते. तोवर मुलगी आमच्याकडे. तापलेली, कंटाळलेली पोरं घेऊन कधी एकदा घरी जातो असं आम्हाला झालं होतं, पण वहिनी दुसऱ्याच गोष्टीच्या मागं. तिनं दुभाषी बाईंकरवी त्या बाईला निरोप पाठवला, की हे पाच दिवस रोज दुपारी आमच्याकडे या, तिला एकदम तोडू नका. मी म्हटलं, "अगं, कशाला? मुलगी त्या बाईच्याच मागं लागेल, तुझ्याकडे यायची नाही." वहिनी म्हणाली, "नाही आली तर नाही आली. पाच दिवस तर आहेत."

ती बाई आली. पहिल्या दिवशी कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसली. मुलगी तिला चिकटून होती. दुसऱ्या दिवशी तिनं वहिनीला हातवारे करून शिकवलं, हिला झोपवताना दार किती उघडं ठेवायचं, दूध किती कोमट. मी दारापाशी जमिनीवर खडूनं खूण केली. त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि तासभर गप्पा चालल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सगळे खालच्या मैदानात गेलो. घसरगुंडीपाशी ती बाई उभी होती, हातभर अंतरावर. वहिनी लांब बाकावर ठकीचा बूट बांधत होती. मुलगी पायरीवरून सटकली, गुडघा फुटला. बाईनं खाली बसून दोन्ही हात पसरले. मुलगी उठली, तिच्या शेजारून पुढं निघाली आणि रडत रडत मैदान ओलांडून वहिनीकडे पळत गेली.

वहिनीनं तिला उचललं. बाई तशीच बसून होती, हात अजून पसरलेले. मग तिनं ते गुडघ्यांवर ठेवले, उठली आणि कोटाची बटणं लावली. दुभाषी बाईंना ती म्हणाली, "उद्यापासून मी येत नाही. त्यांना सांगा, जखम पाण्यानं धुवा, फुंकर घालू नका, तिला आवडत नाही."

वहिनी मुलीला कडेवर घेऊन तिच्या मागं धावली, पण तिला हाक कशी मारायची ते कळेना. आज तीन वर्षं झाली. एवढा आनंद आणि एवढी शरम मला एकाच वेळी कधी झाली नव्हती, असं वहिनी अजून म्हणते, आणि म्हणताना हातातली कात्री खाली ठेवते.